छेदातली माणसं

बेड नंबर अकरावर एक रिक्षाचालक होते. वय ४६. मेंदूत रक्तस्राव होऊन उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. रात्री दोनच्या सुमारास मी आणि वॉर्डातल्या मावशी त्यांची कूस बदलत होतो, तेव्हा उशाशी बसलेल्या त्यांच्या बायकोनं विचारलं, "सिस्टर, ह्यांचं बीपी कधीपासून वाढलेलं असेल हो?"

केसपेपरवर पूर्वेतिहासाच्या रकान्यात 'माहीत नाही' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "दोन-चार वर्षं तरी असेल ताई. त्रास झाला नाही म्हणून कळलं नाही."

"मग कळायला कुणाला पाहिजे होतं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी ड्रिपचे थेंब मोजत उभी राहिले आणि काहीच बोलले नाही. सकाळी हॅन्डओव्हर देताना अकरा नंबरचं सगळं सांगितलं, युरिन आउटपुट, बीपी, रात्रीचे डोस. तिचा प्रश्न हॅन्डओव्हरमध्ये बसत नव्हता, म्हणून तो माझ्याबरोबर घरी आला.

पंधरा वर्षं मी पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. आधी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मग नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही नर्सिंगची पदवी. एका पाळीत तीस-चाळीस बीपी सहज घेतले जायचे. पण ज्यांचं बीपी मी घेतलं ती सगळी माणसं दारातून आत आलेली होती. जी आली नाहीत, येऊ शकली नाहीत, किंवा आपल्याला यायला हवं हेच ज्यांना कळलं नाही, ती माझ्या चाळीस जणांत कधीच नव्हती. हे त्या रात्रीपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं.

सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे डॉक्टरांचं काम, असं मी धरून चालले होते. एमडी पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकातली एमडी, त्यासाठी एमबीबीएस लागतं, ते खरंच. पण एमपीएच, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, ही वाट वेगळी आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. दंतवैद्य, आयुर्वेद-होमिओपॅथीचे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट, नर्स अशा बऱ्याच जणांना ती खुली असते. मी फॉर्म भरला तेव्हा घरात दोन दिवस शांतता होती. पगार जाणार होता आणि फ्लॅटचा हप्ता चालू होता. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "नाइट ड्युट्या केल्यास तेव्हा पोराला मी सांभाळलंच ना? आता दिवसा सांभाळीन." एवढ्यावर ते ठरलं. २०२४च्या पावसाळ्यात, एकेचाळिसाव्या वर्षी, मी पाठीला सॅक लावून कॉलेजला गेले.

पहिल्या दिवशी ओळखी झाल्या. स्वतःचे दवाखाने असलेले दोन आयुर्वेदाचे डॉक्टर, तीन दंतवैद्य, एक फिजिओथेरपिस्ट. मी 'स्टाफ नर्स' म्हटलं आणि सवयीनं भिंतीकडच्या खुर्चीकडे वळले. हॉस्पिटलच्या राउंडला आम्ही भिंतीलाच उभ्या असतो. आमच्या मॅडमच्या ते लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, "या वर्गात रुग्ण नाहीत. त्यामुळे इथं डॉक्टरही नाहीत आणि सिस्टरही नाहीत. पुढं या." ते वाक्य मी त्या संध्याकाळी वहीत उतरवून ठेवलं.

साथरोगशास्त्र, जैवसांख्यिकी, आरोग्य व्यवस्थापन, पर्यावरण, समाजशास्त्र असे विषय. त्यांत संख्याशास्त्रानं माझी झोप उडवली. गणित दहावीला सुटलं ते सुटलंच. मुलगा तेव्हा सहावीत, त्याचे अपूर्णांक चालू. रात्री जेवणं झाली की ओट्याशेजारच्या टेबलावर आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. एकदा मी प्रादुर्भावाचा दर काढताना अडले, तर त्यानं वहीत डोकावून विचारलं, "यात अंश कुठला आणि छेद कुठला?" मी सांगितलं, वर आजारी पडलेले, खाली आजारी पडू शकत होते ते सगळे. तो म्हणाला, "छेद शून्य लिहू नकोस हं. मग उत्तरच नसतं, बाईंनी सांगितलंय."

मी पेन खाली ठेवलं. पंधरा वर्षं मी फक्त अंश पाहत आले होते. वॉर्ड म्हणजे अंश. केसपेपर, बेड नंबर, ओपीडीतली रांग, सगळं रेघेच्या वरचं. रेघेखाली कोण आहे, किती आहेत, कुठं राहतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. एमपीएचनं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर एका शब्दाचं आहे. छेद.

रक्तदाबाच्या बाबतीत एक जुना ठोकताळा शिकवतात, अर्ध्यांचा नियम. वाढलेलं बीपी असलेल्या आठ जणांपैकी चौघांनाच ते ठाऊक असतं. त्या चौघांतले दोघं उपचार घेतात. त्या दोघांतल्या एकाचंच आटोक्यात असतं. आकडे गावोगावी, काळानुसार बदलतात, पण घसरण अशीच असते. मी फळ्यावरच्या त्या आठ टिंबांकडे पाहत होते आणि पहिल्याच पायरीला गळून पडलेल्या चौघांत मला अकरा नंबर बेड दिसत होता. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पंधरा वर्षांवरच्या २१ टक्के बायकांना आणि २४ टक्के पुरुषांना वाढलेला रक्तदाब आहे. म्हणजे आपल्या बसमध्ये चाळीस जण असतील तर आठ-नऊ जण. त्यातल्या बऱ्याच जणांना काहीही होत नसतं, म्हणून ते बसमध्ये असतात, दवाखान्यात नसतात.

दुसरं सत्र नुकतंच सुरू झालं होतं आणि जानेवारी २०२५ उजाडला. आम्ही सिंहगड रोडला राहतो. जुन्या हॉस्पिटलातल्या मैत्रिणीचा फोन आला, "अगं, पायातली ताकद गेलेला आणखी एक आलाय. आठवड्यातला तिसरा." गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. आधी पाय, मग हात, कधी श्वासाचे स्नायू. उपचार म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं, आणि वेळ पडली तर व्हेंटिलेटर. नर्स म्हणून मला हे सगळं येत होतं. येत नव्हती ती दुसरी गोष्ट. तीन म्हणजे जास्त की कमी?

हा आजार एरवी लाखात वर्षाला एक-दोघांना होतो. आमच्या सिंहगड रोडकडचं नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या एवढ्याशा टापूत एकाच महिन्यात रुग्णांमागून रुग्ण सापडायला लागले, तेव्हा तो छेद मनाशी धरूनच कळत होतं की हे नेहमीचं नाही. फेब्रुवारीत शहर आणि परिसरातल्या संशयितांचा आकडा दोनशेपार गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे वळलं. या जिवाणूनं पोट बिघडलेल्या साधारण हजारातल्या एकाला पुढं जीबीएस होतो, असं मानतात. जिवाणूच्या अंगावरचा एक भाग आपल्या मज्जातंतूंच्या आवरणासारखा असतो, आणि जिवाणूशी लढायला निघालेलं शरीर स्वतःच्याच नसांवर चालून जातं.

ते वाचून मी हिशेब करत बसले. एक माणूस व्हेंटिलेटरवर, तर त्याच्यामागं शेकडो जण असे, ज्यांना नुसते जुलाब झाले, ज्यांनी मेडिकलमधून गोळी आणली आणि जे दोन दिवसांनी कामावर गेले. ते माझ्याच रस्त्यावर राहत होते. कदाचित भाजी घेताना शेजारी उभे होते. आमच्या सोसायटीत त्या महिन्यात पाण्याच्या जारसाठी रांगा लागल्या, आणि मी चुलीवर, म्हणजे गॅसवरच, पण आई म्हणायची तशी खळखळून उकळी फुटेपर्यंत पाणी तापवत राहिले.

वर्गात सर तेव्हा लंडनची १८५४ची कॉलऱ्याची साथ शिकवत होते. डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवतीचे मृत्यू नकाशावर मांडले, पंपाचा दांडा काढायला लावला, ही गोष्ट मी नर्सिंगलाही ऐकली होती. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं ते असं की पंपाच्या अगदी जवळ मद्याचा एक कारखाना होता, आणि तिथल्या कामगारांना साथीनं जवळजवळ हात लावला नव्हता. ते त्या पंपाचं पाणी पीतच नव्हते. सर म्हणाले, "आजारी पडलेल्यांना सगळेच विचारतात. जे पडले नाहीत, त्यांच्या दारात जाऊन विचारा, तुम्ही कुठलं पाणी पिता." बाहेर सिंहगड रोडवर महापालिकेच्या आरोग्यसेविका घरोघर फिरून नेमकं हेच विचारत होत्या. मला पुस्तक आणि रस्ता इतके जवळ कधीच दिसले नव्हते.

पुण्याला हे सगळं नवं नाही. १८९७च्या प्लेगमध्ये याच शहरात सोजीर, म्हणजे गोरे शिपाई, रुग्ण शोधायला घराघरांत शिरले. वाळवंटात पाणी सांडावं तसा लोकांचा विश्वास नाहीसा झाला, आणि लोक आजारी माणसं लपवायला लागले. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला, जो २०२०मध्ये कोरोनाच्या वेळीही वापरला गेला. रँडचा वध शाळेत सगळेच शिकतात. मी वर्गात बसून दुसराच विचार करत होते. लपवलेली माणसं कुठल्याच नोंदीत आली नाहीत. धाक दाखवून मोजायला गेलं की मोजणीच खोटी होते. आणि त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून आणलं. १० मार्च १८९७ला त्या प्लेगनंच गेल्या. त्यांच्या दवाखान्याची वाट लोक कशी पाहत असतील आणि सोजिरांची चाहूल लागल्यावर दारं कशी लावून घेत असतील, हे मला नीट कळायला दोन वर्षं वस्तीत हिंडावं लागलं.

आपल्या महाराष्ट्रात ही पदवी घेऊन परत आलेल्यांनी काय केलं, तेही सांगायलाच हवं. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून शिकून आले आणि १९७०मध्ये जामखेडला गेले. गावातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. डॉ. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्समधूनच एमपीएच करून गडचिरोलीत आले. घरीच जन्मणाऱ्या आणि घरीच दगावणाऱ्या बाळांची त्यांनी आधी मोजदाद केली. मग गावातल्या बायकांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. १९९९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज देशभरात आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्याचं मूळ या कामात आहे. माझ्या दृष्टीनं त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट इंजेक्शन ही नाहीच. कुठल्याही रजिस्टरात नसलेली बाळं त्यांनी आधी लिहून काढली, ही आहे.

लिहून काढणं किती अवघड असतं, ते प्रबंधाच्या वेळी कळलं. मी विषय घेतला होता, वस्तीतल्या तीस वर्षांवरच्या बायकांचा रक्तदाब. पर्वतीच्या पायथ्याची एक वस्ती ठरली. आता लोकसंख्या किती धरायची? शेवटची जनगणना २०११ची, तेव्हा पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या थोडी वर होती. २०२१ची जनगणना कोरोनात राहिली आणि पुढची २०२७ची. मधल्या काळात शहराला किती गावं जोडली गेली, किती वस्त्या वाढल्या! आपण या शहराबद्दल जे जे दर बोलतो, त्यांचा छेद अंदाजाचा आहे. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "नकाशा स्वतः काढ." म्हणून मी आणि तिथल्या आशाताई चार दिवस गल्ल्या मोजत फिरलो. पायऱ्या, बोळ, एकावर एक चढवलेल्या खोल्या. मी घरांचे नंबर पुटपुटत चालायचे.

घर म्हणजे काय, इथूनच सुरुवात होते. आमच्या व्याख्येत एका स्वयंपाकावर जेवणारे ते एक कुटुंब. आशाताईंनी ते एका प्रश्नात बसवलं, "चूल एक का वेगळी?" हा प्रश्न किती नाजूक आहे, हे मला एका दारात कळलं. सासू म्हणाली "एक", सून म्हणाली "वेगळी", आणि दोघी एकमेकींकडे न बघता आत गेल्या. आशाताईंनी मला खूण केली, आम्ही पुढच्या घरी गेलो आणि तासाभरानं परत आलो. मी फॉर्मवर दोन चुली लिहिल्या.

"रेशनचं आहे का?" "लाडकी बहिणीचं आहे का?" हे प्रश्न प्रत्येक गल्लीत. नाही म्हटल्यावर अर्ध्या जणी हसून आत यायला सांगायच्या. "बसा की ताई, चहा घ्या." मी 'मॅडम'ची 'ताई' कधी झाले, ते कळलंही नाही.

बीपी घ्यायला मी नव्यानं शिकले, हे लिहिताना मला आजही आत काहीतरी टोचतं. सर्वेक्षणाचा नियम असा: बाईला पाच मिनिटं शांत बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात हृदयाच्या पातळीला. अर्ध्या तासात चहा-तंबाखू नको. मग तीनदा मोजायचं आणि शेवटच्या दोनांची सरासरी धरायची. पंधरा वर्षांत मी एकाही रुग्णाला पाच मिनिटं दिली नव्हती. द्यायला नव्हतीच. एका नर्सकडे इतके बेड असतील तर ती कुठून आणणार? वस्तीत मात्र माझ्याकडे ती होती. "पाच मिनिटं नुसतं बसायचं," असं म्हटलं की बायका गोंधळायच्या. हात रिकामे कुठं ठेवायचे ते त्यांना कळायचं नाही. एकीनं मला सांगितलं, दिवसात पहिल्यांदाच बसतेय.

आणि कुलुपं. सकाळी अकरा ते पाच, पाचातलं एखादं दार हमखास बंद. धुणीभांडी, हाउसकीपिंग, बांधकाम. आमचा नियम होता, कुलूप असेल तर तीनदा जायचं, वेगवेगळ्या वेळी. तरीही भेट झाली नाही तर तसं लिहून पुढं जायचं. माझ्या वर्गातल्या एका मित्रानं सहज सुचवलं की शेजारचं घर घे, संख्या भरली म्हणजे झालं. तो मनानं चांगला मुलगा आहे, पण मी त्याच्याशी तासभर भांडले. घरी असणाऱ्या बाईचं बीपी आणि दोन पाळ्यांत राबणाऱ्या बाईचं बीपी एकच असेल, हे कशावरून धरायचं? कुलपाआडची बाई वगळून काढलेला आकडा नीटस दिसेल, पण तो वस्तीचा नसेल. नर्सिंगमधून आलेल्या माझ्यासारख्यांनी या शिक्षणाकडे यावं असं मला कळकळीनं वाटतं, ते यासाठीच. दार वाजवून थांबण्याची सवय आमच्या हाताला असते. पुढं नोकऱ्या बहुतेक कंत्राटी, पगार माझ्या जुन्या पगाराच्या आसपास, हे माहीत असूनही वाटतं.

नकाशावरच्या ११२ नंबरच्या घराला दोनदा कुलूप मिळालं. आशाताई म्हणाल्या, "ती पहाटे पाचला जाते, रात्री साडेआठला येते. उद्या नऊला या, मी थांबते." दुसऱ्या दिवशी मुलाचं जेवण उरकून मी गेले. खोलीत एक कॉट, एक मिक्सर, भिंतीला शाळेच्या दप्तरांचे दोन खिळे. बाई नुकतीच आली होती, वय ३८. एका मोठ्या सोसायटीत सफाई, मग दोन घरी स्वयंपाक. चहा प्यायलात का, विचारलं. नाही म्हणाली, आत्ता ठेवणार होते. मग आधी बसा म्हटलं. ती कॉटवर भिंतीला टेकली, पाय जमिनीला लावले आणि डोळे मिटले. मुलं कोपऱ्यात अभ्यास करत होती, ती आपोआप गप्प झाली. पाच मिनिटं झाली. तिचा श्वास इतका खोल लागला होता की मी अजून दोन मिनिटं थांबले.

तिन्ही वेळा वरचा आकडा १६०च्या पुढं होता. मी तिला खरं ते सांगितलं. घाबरण्यासारखं नाही, पण औषध लागेल, ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, दर महिन्याला दाखवावं लागेल. तिनं सगळं नीट ऐकलं. काहीही होत नाहीये मला, असं एकदाही म्हणाली नाही. मग उठली, पातेल्यात पाणी घातलं आणि गॅस पेटवता पेटवता विचारलं, "मी पाचला जाते आणि साडेआठला येते. सुट्टी रविवारची. मी घरी असते तेव्हा दवाखाना उघडा असतो का ताई?"

फॉर्ममध्ये या प्रश्नाला रकाना नव्हता. मी कागद उलटा केला, वर घर नंबर ११२ लिहिलं, आणि तिचं वाक्य तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं.